वेचलं, तोडलं, नेलं

शिकवणीतल्या मुलांना एकदा ‘टेक’ या क्रियापदाची दहा वाक्यं लिहून आणायला सांगितली होती. एवढासा शब्द, पण इंग्रजी शब्दकोशात त्याचे अर्थ पानंच्या पानं चालतात. मुलांनी ‘टेक म्हणजे घेणे’ एवढंच धरून वाक्यं जुळवली होती. चहा घेतला, औषध घेतलं, फोटो घेतला. एका मुलीच्या वहीत मात्र होतं, ‘माय ग्रँडमदर टेक्स मोहा फ्रॉम जंगल.’ मी लाल पेनानं ‘टेक्स’ खोडून वर ‘कलेक्ट्स’ लिहिलं.

“कलेक्ट म्हणजे गोळा करनं ना, सर?” ती म्हणाली. “आजी तं वेचते.”

वेचण्याला इंग्रजीत काय म्हणायचं, हे मला तिथल्या तिथे सुचलं नाही. ‘पिक’ म्हणावं तर ते झाडावरून तोडण्यालाही चालतं, आणि ‘गॅदर’ म्हणावं तर ते सभेलाही चालतं.

सिंदेवाहीच्या आसपास जंगलातून काय आणलं, त्यावर क्रियापद ठरतं. मोहफूल वेचतात. तेंदूची पानं तोडतात. रानभाजी खुडतात, डिंक काढतात, बांबू कापतात, मासे धरतात. घेतात ती साडी, दुकानातून, पैसे देऊन. यात नुसती हाताची हालचाल बदलत नाही. मोहफूल पहाटे आपण होऊन गळतं. झाडानं ते आधीच सोडलेलं असतं आणि खाली वाकलेली बाई फक्त उचलून टोपलीत टाकते. ‘वेचणे’ या शब्दात कुणाकडून काही हिसकावल्याची भावनाच नाही. ‘तोडणे’ म्हटलं की थोडा जोर आला. ‘काढणे’ म्हटलं की आत काहीतरी होतं, ते बाहेर आलं. म्हणजे आपण क्रियापद निवडतो तेव्हा गुन्हा किती आणि हक्क किती, हेही नकळत सांगून बसतो.

इंग्रजीचा ‘टेक’ हे काही सांगत नाही. तो मुळात इंग्रजीचा नाहीच, उत्तरेकडून आलेल्या नॉर्स लोकांनी तो इंग्लंडात आणला. त्यातले बरेच आले होते ते लुटायलाच. जुन्या इंग्रजीत घेण्यासाठी ‘निमन’ असा शब्द होता, त्याला या पाहुण्यानं हळूहळू हुसकावलं. निमनची एक खूण अजून शिल्लक आहे : ‘नम’, म्हणजे बधिर. मूळ अर्थ, ज्याला घेतलं गेलं, पकडलं गेलं तो.

आता आपला कायदा पाहू. १९२७च्या भारतीय वन अधिनियमात ‘वनोपज’ म्हणजे काय याची यादी आहे. त्यातल्या काही वस्तू जंगलात सापडोत की जंगलाबाहेर, वनोपजच. त्या यादीत मोहाची फुलं आणि बिया आहेत. म्हणजे तुमच्या बांधावरच्या मोहाखाली पडलेलं फूलही कायद्याच्या नजरेत रानाचंच. त्याच कायद्यात राखीव जंगलातून वनोपज गोळा करणं किंवा हलवणं हा गुन्हा आहे. आजी वेचत होती, कागद म्हणत होता हलवते. २००६चा वनहक्क कायदा आला आणि गौण वनोपज गोळा करणं, वापरणं, विकणं हा जंगलात पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्यांचा हक्क ठरला. बांबूही त्यात आला. शेजारच्या गडचिरोलीत मेंढा-लेखा गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला, तरी स्वतःचा बांबू वाहतूक परवान्यासह विकायला २०११ उजाडावं लागलं. हात तेच, विळा तोच, बांबूही तोच. बदललं ते क्रियापद.

जमिनीच्या बाबतीत तर आपल्या मराठीनं कमालच केली आहे. सरकार जमीन घेतं त्याला आपण ‘भूसंपादन’ म्हणतो. संपादन म्हणजे कमावणं. विद्या संपादन करतात, यश संपादन करतात. उलट ज्याची गेली तो शेतकरी म्हणतो, “दोन एकर कालव्यात गेली.” त्याच्या वाक्यात घेणारा कुणी नाहीच, जमीन जणू स्वतःच्या पायानं चालत गेली! एकाच घटनेची ही दोन वाक्यं आहेत आणि दोन्हींत ‘घेतली’ हा साधा शब्द टाळलेला आहे. एकानं मोठेपणासाठी टाळला. दुसऱ्यानं का टाळला, याचं उत्तर मला अजून नीट सापडलेलं नाही. कदाचित घेणाऱ्याचं नाव घेऊन फरक पडत नाही, हे त्याला माहीत असावं.

आणि वाघ. आमच्याकडे म्हणतात, “वाघानं नेलं.” घेतलं नाही, नेलं. १० मे २०२५ रोजी सिंदेवाही तालुक्यातल्या मेंढा-माल गावच्या तीन बायका तेंदूपत्ता तोडायला गेल्या आणि वाघाच्या हल्ल्यात गेल्या. (हे मेंढा वेगळं, लेखावालं नव्हे.) अशा वेळी बातम्यांत ठरलेलं वाक्य असतं, ‘वाघाने बळी घेतला.’ मला ते खटकतं. बळी घेतला जातो तेव्हा तो आधी कुणीतरी दिलेला असतो. मग तो कुणी दिला? वाघानं तर मागितला नव्हता. सत्तर पानांचा एक पुडा बांधायचा, असे शेकडो पुडे झाले की हातात काहीतरी पडतं आणि खरीप उभं करायचं असतं. त्या पानाची विडी दूर कुठल्या तरी शहरात कुणीतरी ओढतो. ‘बळी’ शब्द वापरायचा तर या सगळ्यांची नावं त्या वाक्यात यायला हवीत.

त्याऐवजी चर्चा एकाच प्रश्नावर येऊन थांबते : जंगलात कशाला गेल्या होत्या? या प्रश्नात ‘काय घ्यायला गेल्या होत्या’ असा आळ लपलेला आहे. गेल्या होत्या तोडायला. त्याआधी मार्चमध्ये गेल्या होत्या वेचायला.

वाघाच्या बाजूनंही शब्द सरळ नाहीत. १९७२च्या वन्यजीव कायद्यात ‘शिकार’ची व्याख्या मारण्यापुरती नाही, पकडणंही तिच्यात येतं. म्हणून वाघाला पिंजऱ्यात घ्यायचं तरी वरून आदेश लागतो. त्याच सुमाराला, १९७३ मध्ये, अमेरिकेनं दुर्मीळ प्राण्यांसाठी जो कायदा केला, त्यात गुन्ह्याचं नावच ‘टेक’ आहे. त्रास देणं, पाठलाग करणं, जखमी करणं, मारणं, सापळ्यात धरणं, पकडणं, सगळं त्या एका शब्दात. आपल्याकडे वाघ पकडला की बातमी येते ‘वाघ जेरबंद’. गाव सुटकेचा श्वास टाकतं, आणि तेही खोटं नसतं. ज्याच्या घरची बाई गेली त्याच्यासमोर मी व्याख्या वाचून दाखवणार नाही.

त्या मुलीच्या वहीत शेवटी मी ‘कलेक्ट्स’ही खोडलं. समासात देवनागरीत ‘वेचते’ लिहिलं आणि वाक्याला पूर्ण गुण दिले. परीक्षेत चालणार नाही, हे तिला सांगितलं.

मोहाच्या दिवसांत सकाळच्या तासाला पोरं कमी असतात. इंग्रजीत हजेरीलाही ‘टेक’च लागतो, आणि गंमत म्हणजे मराठीतही हजेरी आपण घेतोच. मी नावं घेत जातो. तिच्या नावाला मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणतं, “नाही आली सर, आजीसोबत गेली.” मी फुली मारत नाही, जागा कोरी ठेवतो आणि साडेनऊपर्यंत दाराकडे बघत राहतो.