अकरा महिन्यांचं घर

बदलापूर, वांगणी, नेरळ, टिटवाळा. मुंबईच्या या टोकांना भाड्याची रूम बघायला गेलं की भाड्यावरून घासाघीस होते, डिपॉझिटवरून होते, पाणी किती वाजता येतं तेही विचारलं जातं. मुदतीबद्दल मात्र कुणी चकार शब्द काढत नाही. एजंट लॅपटॉप उघडतो, अकरा महिने टाकतो, मशीनवर दोघांचे अंगठे घेतो, फोटो काढतो आणि काम संपतं. सगळ्यांना हा आकडा कायद्यात लिहिलेला आहे असंच वाटतं. तो तसा लिहिलेला नाही, आणि त्याची किंमत ज्याला सर्वांत कमी परवडते त्यालाच मोजावी लागते.

1908च्या नोंदणी कायद्याने एक वर्षाहून जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदवणं सक्तीचं केलं. नोंदणी म्हणजे खर्च आणि कचेरीचे खेटे. ते टाळायला वर्षातला एक महिना कापायचा, इतकी साधी ही युक्ती. तिला मुंबईत भीतीची जोड मिळाली. 1947च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी जवळपास 1940च्या पातळीवर गोठवली आणि भाडेकरूला काढणं अवघड केलं. मग मालकांनी ‘लिव्ह अँड लायसन्स’ची वाट धरली: भाडेकरूचा हक्क द्यायचा नाही, फक्त राहायची परवानगी द्यायची. 1973 साली कायद्यात दुरुस्ती झाली आणि 1 फेब्रुवारी 1973 रोजी अशा परवानगीवर राहत असलेल्यांना भाडेकरूंचं संरक्षण मिळालं. आपली जागा गेली, असं तेव्हा अनेक मालकांना वाटलं. ती धास्ती पुढच्या पिढीपर्यंत उतरली. मुदत जितकी लहान तितकी जागा सुरक्षित, हा समज तेव्हापासून घट्ट बसला.

पण 31 मार्च 2000पासून महाराष्ट्रात नवा भाडेनियंत्रण कायदा लागू आहे. त्याच्या कलम 55 प्रमाणे करार लेखी हवा आणि मुदत कितीही असली तरी नोंदवलेला हवा; नोंदवण्याची जबाबदारी मालकाची. म्हणजे अकरा महिने करून नोंदणी चुकते, हे कारणच उरलं नाही. कलम 24 प्रमाणे मुदत संपल्यावर जागा सोडली नाही, तर मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाऊन ताबा मागू शकतो आणि तोवर राहणाऱ्याला दुप्पट शुल्क भरावं लागतं. हे संरक्षण अकरा महिन्यांच्या कराराला आहे तितकंच छत्तीस महिन्यांच्या करारालाही आहे. भीतीचं कारणही गेलं. मागे राहिली ती निव्वळ सवय.

या सवयीचा हिशेब मांडून बघावा. समजा भाडं 5,000 आणि डिपॉझिट 25,000. मुद्रांक शुल्क एकूण भाडं आणि डिपॉझिटवर धरलेलं 10 टक्के वार्षिक व्याज यांच्या बेरजेच्या पाव टक्का. अकरा महिन्यांना ते दीडशेच्या आसपास पडतं, तीन वर्षांना पाचशेच्या आसपास. नोंदणी फी ग्रामीण भागात 500, शहरी भागात 1,000, आणि ती प्रत्येक कराराला वेगळी. सरकारी खर्चात लांब करार उलट स्वस्तच पडतो. खरा घाव दलालीचा. नव्या घराला एक भाडं दलाली, आणि बऱ्याच ठिकाणी त्याच घरात करार रिन्यू करतानाही एजंट पुन्हा हात पुढे करतो. घर बदलावं लागलं तर टेम्पो, आधारवरचा पत्ता, गॅसची नोंद, पोरांच्या शाळेची वाट. जुनं डिपॉझिट हातात येण्याआधी नवं भरायचं म्हणून उसनवारी. महिना पंधरा-वीस हजारांवर चालणाऱ्या घराला हा धक्का दर वर्षी सोसायचा असतो.

पैशात न मोजता येणारं नुकसान समजून घ्यायचं तर वांगणीकडे बघावं. स्वस्त भाड्यामुळे इथे अनेक अंध कुटुंबं राहतात. त्यांतली बरीच लोकलच्या डब्यांत किरकोळ वस्तू विकून पोट भरतात. 17 एप्रिल 2021 रोजी पॉइंट्समन मयूर शेळके यांनी वांगणी स्थानकात रुळांवर पडलेल्या लहानग्याला गाडीसमोरून उचललं, ती चित्रफीत देशाने पाहिली. त्या मुलाची आई अंध आहे. दृष्टी नसलेल्या माणसाला फलाटापासून घरापर्यंतची वाट पायांनी पाठ करावी लागते: पूल उतरल्यावर किती पावलांवर वळायचं, उघडं गटार कुठल्या बाजूला, भाजीची गाडी कुठे उभी असते, जिन्याला किती पायऱ्या. कुठला दुकानदार सुटे पैसे नीट मोजून देतो आणि कुठला रिक्षावाला दारापर्यंत सोडतो, हेही कळायला महिने जातात. घर दोन गल्ल्या सरकलं तरी हे सगळं पहिल्यापासून शिकायचं. डोळस माणसाचीही गोष्ट फार निराळी नाही. वाण्याकडची उधारी, किल्ली ठेवायला शेजारीण, पोर तापाने फणफणलं तर रात्री दार उघडणारा डॉक्टर, ही गरिबाची खरी पुंजी. ती एका जागी राहूनच साठते.

या वस्त्या शांत असतात, आणि एजंट ती शांतता कौतुकाने दाखवतो. सकाळच्या गाड्या गेल्या की दुपारी खरंच प्रेशर कुकरच्या शिट्ट्यांपलीकडे आवाज नसतो. पण त्या शांततेचा एक भाग मला बोचतो. पाणी चार दिवस आलं नाही तरी कुणी एकत्र जाऊन जाब विचारत नाही. भाडेकरूला सोसायटीच्या सभेत मत नसतं, आणि पुढच्या वर्षी आपण इथे असू की नाही हे ठाऊक नसलेला माणूस भांडण अंगावर कशाला घेईल? मालकही बहुधा डोंबिवलीत किंवा ठाण्यात, त्याला नळ दिसत नाही.

माझं म्हणणं एवढंच, की मुदतीवर बोलायला सुरुवात करावी. मालकाला भाडंवाढ हवी असते. दर वर्षी इतके टक्के, असं तीन वर्षांच्या करारात आधीच लिहिता येतं. भाडेकरूला मध्येच सोडायचं असेल तर महिन्याभराच्या नोटिशीचं कलम घालता येतं. मालकाला जागा लवकर परत हवी असेल तर तेही आधी ठरवता येतं. ऑनलाइन नोंदणीच्या फॉर्मवर मुदतीचा रकाना भरणाऱ्यालाच भरायचा असतो, आणि त्यात साठ महिन्यांपर्यंतचा कुठलाही आकडा चालतो.