दशमीच्या रात्रीचं मागणं (आषाढ, २०२५)

पांडुरंगा, उद्या एकादशी. साबुदाणा काही मिळाला नाही. खजूर आहे, शेंगदाणे आहेत, तेवढ्यावर मी भागवीन. तू चालवून घे.

आज पालख्या वाखरीहून तुझ्या गावात शिरल्या असतील. आई त्यांत आहे. १९ जूनला आळंदीहून माउलींची पालखी निघाली, त्या दिवशी मी इथे इस्रायलमध्ये, बीरशेबात, जिन्यात बसले होते. सकाळीच सोरोका इस्पितळावर इराणचं क्षेपणास्त्र पडलं होतं. ज्या आजींना सांभाळायला मी इथे आहे, त्यांना तपासायला नेते ते हेच इस्पितळ. जिथे पडलं ती इमारत आदल्या दिवशी रिकामी केली होती, म्हणून माणसं वाचली. आणि त्याच पहाटे इराणच्या उर्मिया शहरात डॉक्टरकी शिकणारी आपली मुलं आर्मेनियामार्गे दिल्लीत उतरली. बहुतेक काश्मीरची. त्यांच्या आया अल्लाला बोलावत असतील, माझी तुला. मुलं ज्या देशातून सुटली तिथून आमच्यावर येत होतं, आणि इथून तिकडे जात होतं.

तुला इथली रीत सांगते. आधी फोन किंचाळतो. मग काही मिनिटांनी भोंगा, आणि भोंग्यानंतर हाताशी थोडाच वेळ. नव्या घरांत ममाद असते, जाड भिंतींची, लोखंडी दाराची खोली. आमची इमारत १९९२ च्या आधीची, तेव्हा तशी खोली बांधायची सक्ती नव्हती. कोपऱ्यावर सार्वजनिक तळघर आहे, पण वॉकर टेकत आजी तिथे पोचेपर्यंत सगळं होऊन गेलेलं असतं. म्हणून जिना. प्लॅस्टिकची एक खुर्ची आता तिथेच असते.

आजी रेवदंड्याच्या, बेने इस्रायल, म्हणजे आपल्या कोकणातल्या यहुदी. तिकडे लोक त्यांना शनिवार तेली म्हणायचे. इथे आल्यावर इथल्या धर्मपंडितांनी विचारलं, तुम्ही खरे यहुदी कशावरून? तो वाद मिटायला १९६४ उजाडलं. आजी ते अजून विसरलेल्या नाहीत आणि का विसरावं? मला त्या ‘बाय’ म्हणतात. भोंगा झाला की डोळ्यांवर हात ठेवून शमाची प्रार्थना म्हणतात, आणि लगेच त्यांच्या एलियाहू हन्नाबी प्रेषिताला मलिद्याचा नवस बोलतात. असे इतके मलिदे साठलेत की पोहे, गूळ, नारळ किती लागतील याचा हिशेब मीच ठेवते. शेजारी पायरीवर बसून मी तुझं नाव घेते. तुमची दोघांची त्या जिन्यात गाठ पडली असेल तर तुमचं तुम्हाला ठाऊक.

माझं मागणं अडतं ते पुढे. ‘इथे पडू देऊ नकोस’ म्हणते तेव्हा मी नक्की काय मागते? हवेत फुटलं नाही तर ते कुठेतरी पडणारच. २४ जूनला, युद्धबंदीच्या अगदी तोंडावर, याच शहरात एका इमारतीवर पडलं. चार माणसं गेली. त्या सकाळीही मी हेच मागितलं होतं आणि मला ते मिळालं. ते तुझं देणं म्हणून पदरात कसं घेऊ, सांग. रात्री कधी खिडक्या थरथरतात, तो गाझातला आवाज. तिथे भोंगा नाही, ममाद नाही, आणि जिने तरी किती उरलेत? तिथेही कोणी बाई म्हातारीला धरून बसली असेल आणि तीही ‘इथे नको’ म्हणत असेल.

म्हणून हल्ली तेवढे शब्द मी गाळते. मागे उरतं ते फार थोडं. आजींना उठवताना माझी कंबर धरू नये. त्यांच्या गोळ्यांची पिशवी घाईत राहू नये. रात्री फोन किंचाळला तर त्या आधी जाग्या झालेल्या असाव्यात, दचकून उठल्या की त्यांचा श्वास लागतो.

जूनमध्ये घरच्यांनी फार धोसरा लावला होता, आपलं सरकार जॉर्डनमार्गे नेतंय, ये निघून. एजंटाला दिलेल्या पैशांचं कर्ज फिटायचंय, असं मी त्यांना सांगितलं. तेही खरंच आहे. पण आजींना त्या खुर्चीत बसवून एकटीने खाली उतरणं मला जमलं नसतं. याला धीरबिर म्हणू नकोस. पगार घेते मी त्याचा.

आता आईचं. तिला पदस्पर्शाच्या रांगेत उभं राहायचंय. पाय सुजलेत, फोनवर लपवते. मुखदर्शन घेऊन मागे फिर, एवढं तिच्या मनात घाल. माझं ऐकत नाही, तुझं ऐकेल. आणि ती तुझ्यापुढे आली की माझंच बोलेल. आमच्या घरात भक्कम ममाद आहे, असं मी तिला सांगून ठेवलंय. येमेनकडून अजून अधूनमधून येतं, तेही तिला माहीत नाही. पांडुरंगा, तू काही बोलू नकोस.