अंगणातील जीव आणि गृहस्थाचा धर्म

परमार्थात मोठ्या शंका पुष्कळ निघतात. जीव आणि ब्रह्म यांचे ऐक्य कसे, सगुण श्रेष्ठ की निर्गुण, कर्म कोठवर करावे, यांवर आचार्यांनी ग्रंथच्या ग्रंथ लिहिले आहेत. पण कधी कधी एखादी घरगुती शंका अशी येते की तिच्या पोटात हे सगळे प्रश्न दडलेले असतात. अशाच एका शंकेचा विचार आज आम्ही वाचक सज्जनांपुढे मांडीत आहोत. आपल्या अंगणात येणारी पाखरे, खारी, मुंगसे पाहून जो आनंद होतो, तो परमार्थाला साधक की बाधक?

छत्रपती संभाजीनगराहून पैठणकडे जाणाऱ्या रस्त्यालगतच्या एका गावी, कीर्तन आटोपल्यावर एका वृद्ध माळकऱ्याने ही शंका विचारली. म्हणाले, "महाराज, पोरं शहरात कारखान्यात लागली. मळ्यातल्या घरी मी आन् म्हातारी दोघंच. सकाळी झाडलोट, शेणघाण, वैरणपाणी उरकलं की ओट्यावर टेकतो. समोर लिंबावर साळुंक्या भांडतात, खार वाळवणावर डल्ला मारते, कुंपणातून मुंगूस डोकावतं. बघता बघता हातातली माळ तिथंच थांबते. ह्याला मोह म्हणावं का काय म्हणावं?" जवळचे चार लोक हसले. आम्हाला हसू आले नाही. उतारवयात उरलेला वेळ कोठे जातो याची काळजी वाटावी, हे विवेकाचेच लक्षण आहे.

आधी पूर्वपक्ष पाहू. श्रीमद्भागवताच्या पाचव्या स्कंधात भरत राजाची कथा आहे. राज्य, राणी, पुत्र सर्व सोडून हा राजा गंडकीच्या काठी पुलहाश्रमात तप करीत राहिला. सिंहाच्या गर्जनेने भ्यालेल्या एका गाभण हरिणीने नदीवरून झेप घेतली, त्या झेपेत पाडस प्रवाहात पडले आणि हरिणी मेली. राजाने दयेने पाडस उचलून आणले. येथपर्यंत सर्व धर्मच आहे. पण पुढे त्याला चारणे, खाजवणे, लांडग्यापासून जपणे यातच दिवस जाऊ लागला. नित्यनेम एकेक करून सुटला. अंतकाळी चित्त हरिणापाशी राहिले, म्हणून पुढचा जन्म हरिणाचा आला. राज्य ज्याला बांधू शकले नाही, त्याला एका पाडसाने बांधले! मग आपणा प्रपंची माणसांची काय कथा? पूर्वपक्ष असा आहे, आणि तो लेचापेचा नाही.

आता उत्तरपक्ष ऐका. तो आपल्याच जिल्ह्यातला, पैठणचा आहे. काशीहून रामेश्वराला नेत असलेल्या कावडीतील गंगोदक नाथमहाराजांनी वाळवंटात तहानेने तडफडणाऱ्या गाढवाला पाजले, ही कथा लहान पोरालाही ठाऊक आहे. नाथांना जनावराच्या मायेतला धोका कळत नव्हता असे कोण म्हणेल? भागवताच्या एकादश स्कंधावरील त्यांची टीका १५७३ साली काशीस पूर्ण झाली. त्याच स्कंधात अवधूताने कपोताला गुरू केल्याचे आख्यान आहे. बायकापोरांच्या मायेने आपण होऊन जाळ्यात शिरलेला तो कपोत, आसक्तीचा केवढा मोठा धडा! हे सर्व ओवीबद्ध करणारे नाथ जर गाढवापाशी थांबले, तर त्या थांबण्यात काहीतरी वेगळे असले पाहिजे.

कोणी म्हणेल, भरताचाही नेम सुटला आणि नाथांचीही कावड रिती झाली; मग फरक काय? फरक सूक्ष्म आहे. गाढव पाणी प्याले, उठले, आपल्या वाटेने गेले. नाथांनी त्याच्या गळ्यात दावे बांधले नाही, ते पुन्हा दिसावे अशी अपेक्षा धरली नाही. भरताचे तसे नव्हते. हरिण घटकाभर दृष्टीआड झाले की राजाचा जीव कासावीस होई. दया दोघांचीही खरी होती. पण एकाच्या दयेला 'माझे' हा शब्द चिकटला आणि दुसऱ्याच्या दयेला तो चिकटला नाही.

एवढ्यावरून आपल्या अंगणापुरती एक कसोटी निघते. पाखरांसाठी आपण परळात पाणी ठेवतो. एखादे दिवशी एकही पाखरू फिरकत नाही. त्या दिवशी आपले काय होते? मन खट्टू होऊन परळ कोरडा राहिला, तर आपण पाणी ठेवीत होतो ते स्वतःच्या डोळ्यांसाठी. पण पाखरू आले नाही तरी परळ घासला, धुतला, पुन्हा भरला, तर ते प्रेम होय. पाहण्यातला आनंद हा प्रसाद आहे. तो मिळाला तर मस्तकी लावावा, न मिळाला तर पूजा थांबवू नये.

येथेच रोजच्या कामाचे महत्त्व कळते. लोक समजतात, झाडलोट, दळणकांडण, गोठा ही कष्टाची कामे, आणि ती उरकल्यावर पाखरे पाहणे हा आनंद. आमचे म्हणणे असे की ही दोन नाहीतच. मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात गृहस्थाच्या घरात पाच हिंसास्थाने सांगितली आहेत: चूल, जाते, केरसुणी, उखळमुसळ आणि पाण्याचा घडा. पाहा, यात शिकाऱ्याचा बाण नाही, खाटकाची सुरी नाही. जी साधने आपण पवित्र मानतो, तीच सांगितली आहेत. चूल पेटली की लाकडातला किडा जळतो, केरसुणी फिरली की मुंगी मरते. आता जात्याच्या जागी गिरणी आली, घड्याच्या जागी नळ आला, म्हणून हिंसा संपली असे नव्हे. ती फक्त दिसेनाशी झाली. यावर शास्त्राने घर सोडायला सांगितले नाही, रोज पंचमहायज्ञ करायला सांगितले. त्यांतला भूतयज्ञ म्हणजे जीवमात्राला त्यांचा वाटा देणे. कुत्रा, कावळा, कृमी यांचा घास फेकू नये, हळूच भूमीवर ठेवावा, अशी तेथे बारीक सूचना आहे. देण्यातही तिरस्कार नको! तात्पर्य, परळातले पाणी हे आपले औदार्य नाही. सकाळी केरसुणीने जे ऋण झाले, त्याची ती फेड आहे.

मग एक अवघड गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. पुष्कळ घरी सडासारवण बाई करते, गोठा गडी झाडतो, पाणी सून भरते, आणि झोपाळ्यावर बसून पाखरांचे कौतुक यजमान करतात. हा आनंद उसना आहे. जनाबाईंच्या दळणाला देवाने हात लावला असे आपण कीर्तनात रंगवून सांगतो. मग घरच्या कामाला हात लावताना यजमानांचा मान का खाली जावा? जो स्वतः परळ घासतो, त्याला कळते की पाण्यात शेवाळ धरते, डासाच्या अंड्याचा डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात, आणि परळ सावलीत नसेल तर मराठवाड्यातल्या वैशाखात ते पाणी दुपारी कढत होते. पाखरांची खरी ओळख अशी कामातून होते. शिंपी पक्षी पानाला पान शिवून घरटे करतो, सुगरणीचा नर बाभळीला खोपा विणतो आणि मादी तो पारखून घेते. त्यांच्याही घरी कामच चालले आहे. काम करणाऱ्याने काम करणाऱ्याला ओळखावे, यात नवल ते काय?

आता जीवावरची शंका. "महाराज, चिमणीचं ठीक, पण साप निघाला तर?" शंका रास्त आहे. लहान मुले असलेल्या घरात समदृष्टीचे व्याख्यान पुरत नाही. नाग, मण्यार, घोणस, फुरसे हे विषारी. त्यांना अंगणात नांदू द्या असे आम्ही म्हणणार नाही. जाणत्या सर्पमित्राला बोलवावे, आणि दंश झालाच तर मांत्रिकाकडे वेळ न दवडता थेट दवाखाना गाठावा. पण धामणीला विष नसते, ती धान्याचे उंदीर खाते. तिला पाहताच काठ्या घेऊन धावणे हे भय आहे, संरक्षण नव्हे. उंदरांना घातलेल्या विषाचेही तसेच. तो उंदीर घुबडाने खाल्ला की ते विष घुबडाच्या पोटात जाते. राखण जरूर करावी. पण राखणीच्या नावाखाली सूड नसावा. उलट, प्रेमाच्या नावाखाली कैदही नसावी. हौसेने राघू पिंजऱ्यात ठेवून त्याला विठ्ठलनाम शिकवणारी घरे आम्ही पाहिली आहेत. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने देशी पोपट असा कोंडण्यास मनाई आहे, पण कायदा नसता तरी उत्तर तेच होते. ज्याच्या पंखांना आकाश नाही, त्याच्या चोचीतले नाम आपल्या कानांना गोड कसे लागावे?

काळ बदलला आहे. मराठवाड्यातली माळवदाची घरे पडून स्लॅबची घरे झाली. तुळयांच्या फटी गेल्या आणि त्यांतली चिमण्यांची घरटीही गेली. अंगणात फरशी आली. दुसऱ्या बाजूने पाहावे तर १९७६ साली पैठणचे धरण पुरे झाले, त्याखाली माणसांची गावे गेली, आणि त्याच नाथसागराच्या पाण्यावर इतकी पाखरे उतरू लागली की १९८६ साली तेथे पक्षी अभयारण्य झाले. कोणाचे घर मोडते, कोणाचे वसते. हा हिशेब आपल्या हातचा नाही. आपल्या हातचे अंगण मात्र आहे. फरशी घालताना वीत-दोन वीत माती मोकळी ठेवावी. वळचणीला एक मडके टांगावे. पाखडलेल्या ज्वारीची कणी उकिरड्यावर न टाकता भिंतीच्या कडेला ठेवावी. यासाठी श्रीमंती लागत नाही.

राहता राहिली थांबलेली माळ. खार पाहताना माळ थांबली आणि 'हा जीव कोणाचा' असे मनात आले, तर नाम थांबले असे आम्ही मानीत नाही. 'ही खार माझी' असे मनात आले, तर मात्र माळ फिरत असली तरी नाम थांबले. अरणच्या सावता महाराजांनी मळा सोडला नाही आणि मळ्याला 'माझा' म्हटले नाही, म्हणून त्यांना मळ्यातच पंढरी सापडली. गृहस्थाला याहून वेगळा मार्ग शोधण्याचे कारण नाही. सकाळी उठावे, केरसुणी हलक्या हाताने फिरवावी, परळ भरावा, आणि कोण आले, कोण नाही, याची मोजदाद करू नये. एवढी सेवा विठ्ठलचरणी अर्पण करून येथे विराम घेतो. रामकृष्णहरि.