श्रोता सोसणारं बोलणं

पॉडकास्ट आले आणि ‘बोलण्याचे दिवस परत आले’, असं हल्ली उठताबसता ऐकवलं जातं. त्याला जोडूनच सवाल येतो की, झाशी जिल्ह्यातल्या टहरौलीसारख्या तहसिलीच्या गावातही आता मोबाइल पोचलाय, तर आकाशवाणीने भाषणं, परिसंवाद आणि श्रुतिका यांचा संसार कशाला चालवायचा? महाराष्ट्राबाहेरचं नाव मुद्दाम घेतलं, कारण त्याचा धागा नागपूरला येऊन मिळतो. १९८८ साली सुरू झालेली आकाशवाणीची राष्ट्रीय वाहिनी नागपूरच्या एक हजार किलोवॉटच्या प्रक्षेपकावरून संध्याकाळपासून पहाटेपर्यंत चाले आणि देशाच्या बऱ्याचशा भागात ऐकू येई. २०१९ उजाडता उजाडता ती बंद झाली. काटकसर हे कारण पुढे आलं. त्यावर वाद असा झालाच नाही. काहींनी हळहळ तेवढी व्यक्त केली.

हळहळणाऱ्यांशी मला फारसं बोलायचं नाही. मुंबई केंद्र, केसकरांची फिल्मी गाण्यांवरची खप्पामर्जी, ‘गीतरामायण’, टेकाडे भावजी हे सगळं वाचकांना पाठ आहे, आणि आठवणींवर प्रक्षेपक चालत नाही. खासगी एफएमने पोकळी भरली म्हणणाऱ्यांना एवढंच सांगतो की, परवाने देतानाच त्यांना स्वतःच्या बातम्या द्यायला मनाई होती. झाशीशेजारच्या ओरछात २००८ पासून ‘रेडिओ बुंदेलखंड’ आहे, पण सामुदायिक केंद्राचा पल्ला दहा-पंधरा किलोमीटरचा. टहरौली त्याच्या पलीकडेच.

माझं भांडण आहे ते ‘निवड’वाल्यांशी. त्यांचं म्हणणं दिसायला बिनतोड. ज्याला शेती हवी त्याने शेतीचं ऐकावं, ज्याला इतिहास हवा त्याने इतिहासाचं. आकाशवाणीच्या अ‍ॅपवरही दोनशेहून अधिक वाहिन्या आहेत, मग तक्रार कसली? तक्रार अशी की, माणूस निवडतो ते आधी ओळखीचं असलेल्यातूनच. बाजारभावासाठी रेडिओ लावलेल्या माणसाच्या कानावर पुढचं क्षयरोगावरचं भाषण पडतं, ते त्याने निवडलेलं नसतं. तो बटण फिरवू शकतो, हे खरं. पुष्कळ जण फिरवतही असतील. पण निवडीचा हा सगळा हिशेब ऐकणाऱ्याच्या बाजूने मांडला जातो. बोलणाऱ्याचं काय होतं, हे कुणी बघतच नाही.

आकाशवाणीवर भाषण दिलेल्या कुणालाही विचारा. संहिता आधी द्यावी लागते. पानं टाचलेली चालत नाहीत, कारण उलटताना कागदाचा आवाज माइक पकडतो. ‘वर म्हटल्याप्रमाणे’ लिहिलं असेल तर निर्माता ते खोडतो, कानाला वर-खाली नसतं. आकड्यांची रांग लागली की तो विचारतो, यातला एकच ठेवायचा तर कुठला? ही छाटणी काही वेळा चीड आणते, आणि तिच्यापायी काही भाषणं अगदी सपक झाली, हे नाकारत नाही. पण त्या निर्मात्याच्या डोळ्यांपुढे विषयाची गोडी नसलेला श्रोता असतो. पॉडकास्टवाल्याला त्याची गरजच नसते. तो सदस्यांशी बोलतो, आणि सदस्य आधीच पटलेले असतात.

‘निवड’वाले १९५६चा दाखला माझ्यावर उलटवतील. पुणे केंद्राने युनेस्कोच्या मदतीने पाच जिल्ह्यांतल्या दीडशेच्या आसपास गावांत नभोवाणी शेतकरी मंडळं चालवली. आठवड्यातून दोनदा अर्धा तास कार्यक्रम, लगेच मंडळात चर्चा. टाटा समाजविज्ञान संस्थेतर्फे पॉल न्यूरॅथ यांनी पाहणी केली. मंडळं असलेल्या गावांत लोकांची माहिती ठळकपणे वाढली. मंडळ नसलेल्या, नुसता रेडिओ असलेल्या गावांत फारच थोडी. म्हणजे रेडिओ एकटा दुबळाच ना? दुबळा खरा. पण मंडळांतले प्रश्न केंद्राकडे जात आणि पुढच्या कार्यक्रमांत त्यांची उत्तरं द्यावी लागत. म्हणजे न पटलेला श्रोता तिथे निर्मात्याच्या कल्पनेत नव्हता, पत्र लिहून जाब विचारत होता. प्रयोगाने माझ्या म्हणण्याला कात्री लावली नाही, धार लावली.

फरक सरकारी आणि खासगी, जुनं आणि नवं असा नाहीच. फरक आहे तो श्रोता निवडणारं बोलणं आणि श्रोता सोसणारं बोलणं यांत. कबूल करतो की आकाशवाणीवरचंही सगळं बोलणं दुसऱ्या जातीचं नाही. मंत्र्याच्या संदेशाला कुठला श्रोता सोसावा लागतो? उलट एखादा पॉडकास्ट त्या जातीचा असूही शकेल, मला अजून भेटलेला नाही. पण दिवसभराच्या कार्यक्रमपत्रिकेत शेतकरी, गृहिणी, कामगार, संस्कृत बातम्या आणि श्रुतिका एकाच लहरीवर पाठोपाठ ठेवल्या की, प्रत्येक वक्त्याला आधीच्या कार्यक्रमाचा श्रोता वारशात मिळतो आणि त्याला तो झिडकारता येत नाही. अ‍ॅपवर त्याच कार्यक्रमांच्या दोनशे वाहिन्या केल्या की हा वारसाच तुटतो. एकही कार्यक्रम बंद न करता तुटतो. राष्ट्रीय वाहिनी बंद करताना विजेचं बिल मोजलं असेल, ते मोजायलाच हवं होतं. हा वारसा मोजायचा रकाना त्या कागदावर होता का, एवढंच मला ‘निवड’वाल्यांना विचारायचं आहे.