पूर्वसंध्या

हॅलोविन या शब्दाच्या अखेरीस जो ‘ईन’ आहे, तो जुन्या इंग्रजीतल्या संध्याकाळवाचक शब्दाचा झिजून उरलेला तुकडा आहे, आणि आरंभीचा ‘हॅलो’ म्हणजे पवित्र पुरुष, संत. तेव्हा ३१ ऑक्टोबरला भोपळ्यात दिवा लावून आणि मुखवटे चढवून मुले जी रात्र साजरी करतात, ती नावाने तरी सर्व संतांच्या दिवसाची पूर्वसंध्या आहे. शाळांनी मुलांना ती साजरी करू द्यावी की नाही, हा प्रश्न अमेरिकेत दरवर्षी ऑक्टोबर उतरणीला लागला की उठतो, आणि आता मुंबई-पुण्याच्या काही शाळांच्या पालकसभांतही तो ऐकू येतो. कोणी म्हणतात, कोवळ्या मनांची ही अभद्राशी सलगी आहे. कोणी म्हणतात, खेळच तो, त्यात एवढे काय पाहायचे. दोन्हींत मुलांविषयीची कळकळ आहे. मला मात्र या वादातून एकच शब्द वर्षानुवर्षे हाक मारीत आला आहे. न्यू जर्सीत राहणाऱ्या एका परिचित मराठी कुटुंबातल्या लहान मुलीला मी एकदा विचारले होते, “बाळ, आज जर पूर्वसंध्या, तर उद्याचा दिवस कोणता?” ती क्षणभर थांबली आणि म्हणाली, “आजोबा, उद्या सगळं डेकोरेशन काढून टाकतात.” तिच्या त्या निरागस उत्तरापाशी मी अजून थांबलेलो आहे, आणि वाचकहो, आज आपणही माझ्याबरोबर तिथे थोडे थांबावे, अशी विनंती आहे.

पूर्वसंध्या या शब्दात आधी संध्या आहे, आणि संध्या म्हणजे सांधा. दिवस आणि रात्र जिथे एकमेकांना टेकतात, पण कोणीच कोणाला अजून गिळलेले नसते, ती ही वेळ. म्हणून तर आपल्या घरांत तिन्हीसांजेला उंबऱ्यापाशी कोणी बसू नये, दारे उघडी असावीत, देवापाशी दिवा लागावा आणि मुलांनी शुभंकरोती म्हणावे, असा शिरस्ता पडला. सांध्याची जागा नाजूक असते, तिथूनच आत येता येते आणि तिथूनच बाहेर पडता येते, हे ज्यांनी ओळखले त्यांनी त्या वेळेला भय मानले खरे, पण भयापाशी न थांबता तिथे दिवा ठेवला. प्रल्हादाची कथा आठवावी. हिरण्यकशिपूला ना दिवसा मरण होते ना रात्री, ना घरात ना बाहेर, आणि नृसिंह प्रकटला तो नेमका संध्याकाळी, उंबरठ्यावर. ते रूप असे उग्र की देवही दूर उभे राहिले, आणि जवळ गेला तो एक लहान मुलगा. प्रल्हादाला भय का वाटले नाही? त्या भयंकर रूपाच्या आत कोण आहे, हे त्याला ठाऊक होते. संध्येचे सारे शिक्षण या एका प्रसंगात साठलेले आहे: मुलाला भयापासून लपवून ठेवायचे नसते, भयाच्या आत कोण आहे ते त्याला दाखवायचे असते.

आता या संध्येला ‘पूर्व’ जोडून पाहू. पूर्वसंध्या म्हणजे जिच्यानंतर काही आहे अशी संध्याकाळ. ती आपल्या बळावर उभी नसते, उद्याच्या आधारावर उभी असते. आपला दिवस सूर्योदयापासून मोजला जातो, पण ज्यू परंपरेत दिवस सूर्यास्ताला सुरू होतो, ख्रिस्ती चर्चनेही आपल्या मोठ्या सणांसाठी ती गणना राखली, आणि गॉल देशीचे लोक काळ रात्रींनी मोजतात, आधी रात्र आणि मग दिवस, अशी नोंद ज्युलियस सीझरने करून ठेवली आहे. त्यांच्याच भाऊबंद केल्टिक लोकांचा, आयर्लंडमधला साउइन हा सण ऑक्टोबर सरताना येई. पीक घरात आलेले, गुरे कुरणांवरून परतलेली, हिवाळा दाराशी, आणि या लोकातला नि परलोकातला पडदा त्या रात्री पातळ होतो, अशी श्रद्धा. पुढे चर्चने आपला दिवा आणून ठेवला. इ. स. ६०९ मध्ये रोममधले पँथिऑन हे प्राचीन देवालय १३ मे रोजी मेरीमाता आणि सर्व हुतात्म्यांना अर्पण झाले होते. आठव्या शतकात पोप तिसरे ग्रेगरी यांनी सर्व संतांसाठी एक प्रार्थनास्थान सिद्ध केले, आणि नवव्या शतकात, ८३५ च्या सुमारास, चौथ्या ग्रेगरींच्या काळी १ नोव्हेंबर हा सर्व संतांचा दिवस म्हणून पश्चिमेत रूढ झाला. क्लूनी मठाचे अधिपती ओडिलो यांनी दहावे शतक संपता संपता २ नोव्हेंबर हा सर्व मृतात्म्यांच्या प्रार्थनेसाठी नेमून दिला. असे हे तीन दिवसांचे एक वाक्य तयार झाले: पहिल्या रात्री अंधार, दुसऱ्या दिवशी संत, तिसऱ्या दिवशी आपले गेलेले लोक. हॅलोविन हा त्या वाक्यातला पहिला शब्द. पहिला शब्द उच्चारून जो गप्प बसतो, त्याने खोटे काही सांगितले नाही. त्याचे सांगणे अपुरे राहिले, इतकेच.

या पूर्वसंध्येला दारोदार फिरण्याची चाल होती, तिचाही अर्थ उद्याशी बांधलेला होता. इंग्लंडात गोरगरीब आणि मुले घरोघरी जात, घरची माणसे त्यांना लहान गोड केक देत, आणि घेणाऱ्याने त्या घरच्या मृतांसाठी प्रार्थना करावी, असा तो व्यवहार. स्कॉटलंडात आणि आयर्लंडात मुले सोंगे घेऊन जात, गाणे किंवा नक्कल करून दाखवीत आणि मग खाऊ मिळे. ज्यांनी जोगवा पाहिला आहे, पहाटे दारी येऊन पितरांच्या नावाने दान मागणारा वासुदेव पाहिला आहे, त्यांना हे मागणे भीक वाटणार नाही. मागणारा इथे देणाऱ्याला काहीतरी देत असतो: तुमचे गेलेले माणूस मी विसरू देणार नाही, एवढे आश्वासन. धर्मसुधारणेनंतर अनेक देशांत मृतांसाठीची प्रार्थना मागे पडली, पण संध्याकाळ उरली. १८४५ पासूनच्या दुष्काळाने लक्षावधी आयरिश माणसे अमेरिकेला गेली, त्यांच्याबरोबर ती संध्याकाळही समुद्रापार गेली. सलगम कोरून केलेल्या दिव्याच्या जागी तिकडचा भला मोठा भोपळा आला, सोंगे आली, मिठाई आली. एवढ्या लांबच्या वाटेत जी गोष्ट हातातून निसटली, ती होती सकाळ. पूर्वसंध्या टिकली आणि जिच्यासाठी ती होती, तो दिवसच पुष्कळांच्या घरी पोहोचला नाही.

सोंगांविषयीही इथेच बोलले पाहिजे, कारण पुष्कळ श्रद्धावान आईबापांना खरी भीती सोंगांची वाटते. मुलाने सांगाड्याचा वेश घ्यावा, चेटकिणीची टोपी घालावी, हे त्यांना रुचत नाही, आणि त्यांचा संकोच मी हलका मानीत नाही. पण भयाला रूप देऊन त्याच्या डोळ्यांत पाहायला शिकवणे, ही आपलीही रीत आहे. कोकणातल्या शिमग्यात काळ्या वेशातला संकासुर धावत येतो, मुले किंचाळत पळतात आणि पुन्हा त्याच्याच मागे लागतात. गोव्यात नरक चतुर्दशीच्या आदल्या रात्री पोरे जागून नरकासुराचा अक्राळविक्राळ पुतळा उभा करतात. आणि तो तिथेच उभा ठेवून झोपायला जात नाहीत, उजाडण्यापूर्वी त्याचे दहन करतात. मग अभ्यंगस्नान, पायाखाली फोडलेले कारीट, फराळ, दिवे. आपल्या परंपरेने राक्षस मुलांच्या हाती दिला, पण त्याच हातांत पहाटही दिली. रचनाच अशी केली की एक घेतल्यावर दुसरी टाळता येऊ नये. पूर्वसंध्येचे खरे रूप ते हे. भय तिच्यात असते, पण ते प्रवासात असते, मुक्कामाला आलेले नसते.

या दृष्टीने शाळेच्या प्रश्नाकडे वळू. फ्लोरिडा राज्यात एका पालकाने तक्रार नेली होती की सरकारी शाळेत हॅलोविनच्या दिवसांत चेटकिणी, कढया आणि झाडू यांची चित्रे लावणे म्हणजे एका पंथाचा पुरस्कार आहे. १९९४ मध्ये तिथल्या अपील न्यायालयाने निर्णय दिला की या संदर्भात ती चित्रे कोणत्याही धर्माचा पुरस्कार करीत नाहीत. कायद्याच्या अंगाने निर्णय योग्यच असेल, पण साधकाच्या मनाने तो ऐकला की आत काही हलते: या संध्याकाळीला शाळेचे दार उघडले, ते ती कुठेच नेत नाही म्हणून. उलट २०२३ मध्ये न्यू जर्सीतल्या साउथ ऑरेंज आणि मेपलवूड या गावांच्या शाळांनी शाळेच्या वेळेतले हॅलोविन बंद केले, आणि राज्याच्या गव्हर्नरांनी त्यावर जाहीर नाराजी दाखवली. बंद करण्यामागचा विचारही समजून घेण्याजोगा आहे. कोणाच्या घरचा धर्म हे मानत नाही, कोणाच्या आईबापांना वेशाचा खर्च झेपत नाही, आणि मिरवणुकीच्या वेळी एखादे मूल कोपऱ्यात बसून राहते. त्या एका मुलाचे डोळे ज्याला दिसले, त्याला कठोर कोण म्हणेल? तरीही मला वाटते, पूर्वसंध्या पुसून टाकली म्हणून सकाळ मिळत नाही, आणि नुसती साजरी केली म्हणूनही मिळत नाही.

मग सकाळ शाळेत आणता येते का? येते. १९६३ च्या ज्या प्रसिद्ध निकालाने अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सरकारी शाळांतले बायबलचे विधिवत वाचन थांबवले, त्याच निकालाने हेही स्पष्ट केले की शिक्षणाचा भाग म्हणून, तटस्थपणे, धर्मांविषयी शिकवायला आडकाठी नाही. पूजा करायला लावणे वेगळे आणि अर्थ सांगणे वेगळे. तेव्हा शिक्षकाने १ नोव्हेंबरला एक तास घ्यावा, काल आपण कशाची पूर्वसंध्या साजरी केली ते सांगावे, संत कोणाला म्हणतात ते सांगावे, आणि ज्याची इच्छा असेल त्या प्रत्येक मुलाने आपल्या घरच्या एका चांगल्या माणसाविषयी, हयात नसलेल्या एखाद्या आजीविषयी वा आजोबांविषयी, चार वाक्ये बोलावीत. या तासाला वेश लागत नाही, पैसा लागत नाही, आणि कोपऱ्यात बसलेल्या मुलाजवळही सांगण्यासारखी एक आजी असतेच. आदल्या संध्याकाळी ज्याला वाटणीत जागा नव्हती, त्याला सकाळी जागा मिळते. पूर्वसंध्येची परिपूर्ती म्हणतात ती हीच.

आपल्याकडच्या शाळांना तर दूर जावेच लागत नाही. प्लास्टिकचे सांगाडे बाजारातून आणून वर्ग सजवणाऱ्या मुंबईच्या शाळेपासून वसई ती किती लांब? तिथली मराठी बोलणारी ख्रिस्ती घरे २ नोव्हेंबरला दफनभूमीत जाऊन आपल्या माणसांच्या कबरींवर फुले वाहतात, मेणबत्त्या लावतात. गोव्यातही त्या दिवशी हेच दृश्य असते. जी मुले थोड्याच दिवसांपूर्वी सर्वपित्री अमावास्येला आजोबांच्या नावाने वाढलेले पान पाहून आलेली असतात, त्यांना त्या मेणबत्तीचा अर्थ वेगळा समजवावा लागेल का? आपण संतांची जयंती साजरी करतो त्याहून अधिक ओढीने त्यांची पुण्यतिथी साजरी करतो; ज्ञानदेवांच्या समाधीचा सोहळा कार्तिकातल्या वद्य त्रयोदशीला आळंदीत भरतो, आणि जुने ख्रिस्ती लोकही हुतात्म्याच्या मरणदिनाला त्याचा स्वर्गातला जन्मदिन मानीत आले. मृत्यूच्या काळोखातून पावित्र्याच्या उजेडाकडे जाणारी ही वाट दोन्हीकडे एकाच दिशेने वळते. ज्या शाळेला ही वाट मुलांना दाखवायची नाही, जिला फक्त सजावट हवी आहे, तिने हॅलोविनच्या भानगडीत पडू नये, असे मी स्पष्ट सांगेन. ज्या शाळेला उद्याविषयी बोलायचे आहे, तिने आजची संध्याकाळ खुशाल साजरी करू द्यावी, आणि ज्या घराला ती नको असेल त्या घराचे मन राखावे.

निसटलेली सकाळ परत येऊ शकते, याची चिन्हे मी पाहिली आहेत. १९५० मध्ये फिलाडेल्फियात एका धर्मोपदेशक दांपत्याच्या प्रेरणेने मुलांनी हॅलोविनच्या फेरीत मिठाईबरोबर जगातल्या गरजू मुलांसाठी नाणी मागितली, दुधाच्या रिकाम्या खोक्यांत ती जमवली आणि युनिसेफला पाठवली. पहिल्या खेपेला जमले ते अवघे १७ डॉलर, पण शतकांपूर्वीच्या त्या मागण्यातला आत्मा त्या खोक्यांत पुन्हा येऊन बसला, कारण मागणारा परत दुसऱ्या कोणासाठी मागू लागला. आणि २०२४ साली एक योग असा जुळला की ३१ ऑक्टोबरला हॅलोविन आणि आपल्याकडची नरक चतुर्दशी एकाच तारखेला आली, महाराष्ट्रात १ नोव्हेंबरला लक्ष्मीपूजन झाले, आणि त्याच १ नोव्हेंबरला, सर्व संतांच्या दिवशी, न्यूयॉर्क शहरातल्या सरकारी शाळांना प्रथमच दिवाळीची सुट्टी मिळाली. तिथल्या मराठी मुलांच्या हाती त्या वर्षी रात्रही होती आणि सकाळही.

न्यू जर्सीच्या त्या मुलीला मी त्या दिवशी काही शिकवले नाही. दुसऱ्या सकाळी ती पायरीवरचा भोपळा उचलायला निघाली तेव्हा मी तिच्याबरोबर गेलो, आतली मेण गोठलेली वात तिला दाखवली आणि विचारले, “ही रात्रभर कोणासाठी जळली असेल?” तिने विचार केला आणि आपल्या पणजीचे नाव घेतले, जिला तिने फक्त भिंतीवरच्या तसबिरीत पाहिले होते. सजावट तिने मग काढलीच, पण काढण्याआधी उगवतीच्या उजेडात ती एवढे नाव उच्चारून गेली, आणि तिची पूर्वसंध्या पूर्ण झाली.