मुलांना राजगृह दाखविण्यापूर्वी



दीक्षा घेतलेल्या पुष्कळ घरांत एक गोष्ट पाहावयास मिळते. भिंतीवरच्या जुन्या तसबिरी उतरल्या, त्यांच्या जागी तथागतांची आणि बाबासाहेबांची तसबीर आली. हार मात्र तोच, उदबत्ती तीच. मूल परीक्षेला निघाले की आई त्याला तसबिरीपुढे उभे करते आणि म्हणते, "बाबांना हात जोड, म्हणजे पेपर सोपा जाईल." आई मायेने बोलते, यात शंका नाही. परंतु मुलाच्या मनात काय उतरते? जुना देव गेला आणि नवा देव आला, एवढेच. बावीस प्रतिज्ञा तोंडपाठ असलेल्या घरांतही हे चालते, हे खेदाने लिहावे लागते.

यावर मुलाला किंवा त्याच्या आईला रागावून काही साधत नाही. बाबासाहेब हे तुमच्याआमच्यासारखे माणूस होते, एका खोलीच्या बिऱ्हाडात अभ्यास करून वर आले होते, हे मुलाला डोळ्यांनी दिसले पाहिजे. म्हणून त्याला मुंबईस दादरच्या हिंदू कॉलनीतील राजगृहात घेऊन जा. मात्र गाडीत बसण्यापूर्वी दोन-चार रात्री त्याला घरीच बसवून काही गोष्टी सांगा. नाहीतर तो दगडाविटांची एक इमारत पाहून परत येईल.

पहिल्या रात्री लोअर परळच्या डबक चाळीची गोष्ट सांगा. सुभेदार रामजी सकपाळ मुलांना घेऊन मुंबईस आले, तेव्हा त्या चाळीत त्यांची एकच खोली होती. संसाराचे सामान, भांडीकुंडी, जळण, जाते, सारे तेथेच. भिवाला अभ्यासाला जागा नव्हती आणि शांतताही नव्हती. मग बापलेकांनी तोड काढली. मुलाने रात्री लवकर निजावे, बापाने दोन वाजेपर्यंत जागे राहावे, दोनला मुलाला उठवून अभ्यासाला बसवावे आणि मग स्वतः निजावे. जागा एकाचीच होती, ती दोघांनी रात्र वाटून वापरली. "आमच्या घरात अभ्यासाला कोपरा नाही" असे म्हणणाऱ्या आईबापांनीही ही गोष्ट सांगता सांगता ऐकावी. १९०७ साली तो मुलगा मॅट्रिक झाला. पुढे याच कुटुंबाचे बिऱ्हाड परळला बॉम्बे इंप्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळीत, म्हणजे आपण जिला बीआयटी चाळ म्हणतो तेथे, दोन खोल्यांत आले आणि बाबासाहेब तेथे बरीच वर्षे राहिले. महाडचा १९२७ सालचा सत्याग्रह करणारा पुढारी या दोन खोल्यांत राहत होता, हे मुलाला अवश्य सांगा.

दुसऱ्या रात्री बडोद्याची गोष्ट. ही सांगताना घाई करू नका, कारण राजगृहाचा खरा अर्थ या गोष्टीत आहे.

१९१७ साली बाबासाहेब अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात आणि नंतर लंडनमध्ये शिकून परत आले होते. विलायतेहून येताना त्यांनी आपले सामान वेगळ्या बोटीने पाठविले होते. महायुद्ध चालू होते. ती बोट पाणबुडीच्या हल्ल्यात बुडाली आणि त्यांचे ग्रंथ समुद्रात गेले. नंतर शिष्यवृत्तीच्या कराराप्रमाणे ते बडोदा संस्थानात नोकरीस गेले. पगाराची जागा मिळाली, परंतु राहावयास जागा मिळेना. हिंदूंच्या खाणावळीत अस्पृश्याला प्रवेश नाही. शेवटी पारशी नाव धारण करून ते एका पारशी धर्मशाळेत राहिले. वरच्या मजल्यावर अडगळ पडलेली, विजेचा दिवा नाही, बोलावयास माणूस नाही. तेथेही खरे नाव फुटले. अकराव्या दिवशी सकाळी ते कचेरीस निघाले असता काठ्या घेतलेले दहाबारा पारशी जिना चढून आले आणि संध्याकाळपर्यंत जागा सोडण्याची धमकी देऊन गेले. बाबासाहेबांनी एक हिंदू आणि एक ख्रिस्ती मित्राकडे आसरा विचारून पाहिला, दोन्हीकडे अडचणी निघाल्या. मुंबईची गाडी रात्री नऊला होती. पाच तास काढावयाचे होते. तो उच्चविद्याविभूषित पुरुष कमाठीबागेत जाऊन बसला आणि नऊ वाजण्याची वाट पाहू लागला. हा प्रसंग बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवला आहे. अनेक वर्षांनंतरही तो आठवला की त्यांचे डोळे भरून येत.

एवढे सांगून झाले की मुलाला विचारा, अशा माणसाला घर बांधावेसे वाटले तर ते कसे बांधील?

१९३० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत बाबासाहेबांनी राजगृह बांधले. त्यात कुटुंबाला राहावयास जागा ठेवली, परंतु वरच्या मजल्याची आखणी केली ती ग्रंथांसाठी. माणसे घर बांधताना देवघर कोठे, कोठार कोठे, असा विचार करतात. येथे ग्रंथालय कोठे, हा पहिला विचार होता. त्यांच्या ग्रंथांची संख्या पन्नास हजारांच्या घरात सांगितली जाते. संख्येपेक्षा मला महत्त्वाचे वाटते ते हे की, ज्याची पुस्तके एकदा समुद्राने गिळली त्याने पुन्हा जमविली आणि त्यांच्या डोक्यावर पक्के छप्पर घातले. ते ग्रंथ त्यांनी केवळ घरात राखले नाहीत. १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय निघाले, १९५० साली औरंगाबादेस मिलिंद महाविद्यालयाची उभारणी सुरू झाली आणि त्यांच्या संग्रहातील पुष्कळ ग्रंथ या महाविद्यालयांकडे गेले. राजगृहाबरोबरच त्यांनी चारमिनार नावाची दुसरी इमारतही बांधली होती. ती पुढे विकली. राजगृह राखले.

आता नावाविषयी. चतुर मूल विचारील, "बाबासाहेब राजा होते का? मग राजगृह का?" त्याला सांगा, हे राजवाड्यावरून आलेले नाव नव्हे. राजगृह ही मगध देशाची जुनी राजधानी. तेथे बिंबिसार राजा होता, त्याने भगवान बुद्धांना वेळुवन दिले. तेथेच गृध्रकूट आहे. तथागतांच्या महापरिनिर्वाणानंतर पहिली संगीती भरली तीही राजगृहास. त्या संगीतीत विनय कोणी सांगितला? उपालीने. तो जातीचा न्हावी होता. पाचशे भिक्खूंनी न्हाव्याच्या मुखातून संघाचे नियम ऐकले. आणि त्याच राजगृहाच्या रस्त्यावर सुनीत नावाचा भंगी कचरा उचलीत असे.

सुनीताची गोष्ट तर मुलाला पाठच झाली पाहिजे. फेकलेली फुले गोळा करणारा, सर्वांपुढे मान खाली घालणारा हा माणूस. एके दिवशी समोरून तथागत भिक्खुसंघासह येताना त्याने पाहिले. बाजूला व्हावे तर वाट नाही. तो भिंतीला अंग चिकटवून हात जोडून उभा राहिला. तथागत पुढे निघून गेले नाहीत, त्याच्यापाशी थांबले. त्याला संघात येतोस का असे विचारले आणि तो आला. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात उपाली आणि सुनीत या दोघांनाही स्थान दिले आहे. १९५६ साली नागपूरला आपण धम्म घेतला, परंतु त्याच्या वीसेक वर्षे आधीच बाबासाहेबांच्या दारावर हे नाव होते. येवल्याची धर्मांतराची घोषणासुद्धा १३ ऑक्टोबर १९३५ ची, घराचे नाव त्याही पूर्वीचे. आणि गंमत अशी की ही घोषणा करणारा पुरुष राहत होता हिंदू कॉलनीत! मुले यावर हसतात. हसू द्या.

राजगृहात गेल्यावर रमाईंची आठवण काढल्याशिवाय परतू नका. तिने पाच लेकरांना जन्म दिला, त्यांपैकी चार गेली. एकटे यशवंतराव राहिले. पती विलायतेत असताना चाळीतला संसार तिने ओढला. स्वतःचे घर झाले तेव्हा शरीर पार झिजले होते. २७ मे १९३५ रोजी याच राजगृहात तिचे निधन झाले, जेमतेम एकदोन वर्षे तिला हे घर लाभले. पुढे पाकिस्तानच्या प्रश्नावरचा आपला मोठा ग्रंथ बाबासाहेबांनी तिच्या स्मृतीला अर्पण केला, आणि त्यात तिला 'रामू' म्हटले. ज्या घरांत मुलीला लवकर शाळेतून काढण्याचे बोलणे चालू असेल, त्या घरातील बापाने ही गोष्ट सांगताना मुलीच्या डोळ्यांकडे पाहून सांगावी.

एक चुकीची माहितीही दुरुस्त करून द्या. संविधान राजगृहात लिहिले गेले, असे काही मुले समजतात. तसे नाही. २९ ऑगस्ट १९४७ रोजी नेमलेल्या मसुदा समितीचे काम दिल्लीत झाले आणि २६ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेने घटना स्वीकारली. बाबासाहेब थोर व्हावेत म्हणून त्यांच्याविषयी वाटेल ते सांगण्याची गरज नाही. खरे तेवढे पुरेसे आहे. घरी घटनेचे मराठी पुस्तक असेल तर अनुच्छेद १५ काढा. दुकान, हॉटेल, विहीर, तळे, रस्ता यांच्या वापरास जातीच्या कारणावरून कोणाला अडविता येणार नाही, असे तेथे आहे. लगेच अनुच्छेद १७ वाचा, ज्याने अस्पृश्यता नष्ट केली. मग मुलाला बडोद्याची धर्मशाळा आणि महाडचे तळे पुन्हा आठवायला सांगा. बाकी तो स्वतः जुळवील.

आता प्रत्यक्ष भेटीविषयी. शक्य असेल तर ६ डिसेंबर सोडून एखाद्या साध्या दिवशी जा. महापरिनिर्वाण दिनी लाखोंचा समुदाय दादरला असतो, त्यात लहान मुलाला रांग आणि पाय एवढेच दिसतात. तळमजल्यावर बाबासाहेबांच्या वापरातील वस्तू, चष्मा, काठ्या, छायाचित्रे पाहावयास ठेवली आहेत. इमारतीत त्यांचे कुटुंबीय राहतात, तेव्हा वर जाण्याचा हट्ट नको, दारात गोंगाट नको. नारळ, नवस, अंगारा यांपैकी काहीही बरोबर नेऊ नका. त्रिशरण-पंचशील मनातल्या मनात म्हणा आणि मुलाला एकेका वस्तूपुढे हवा तेवढा वेळ उभे राहू द्या. काठीपुढे तो जास्त वेळ थांबला तर ओढून नेऊ नका. त्याला काय सुचते आहे हे आपल्याला ठाऊक नसते.

७ जुलै २०२० रोजी या घरावर हल्ला झाला. आवारातील कुंड्या फोडल्या, नासधूस केली. मोठ्या मुलांपासून हे लपवू नये. सगळ्या महाराष्ट्रात संताप उसळला, आणि कुटुंबीयांनी लोकांना शांत राहण्याचे आवाहन केले. ते आवाहन लोकांनी ऐकले, हेही त्याच दमात सांगा.

राजगृहातून निघाल्यावर थेट घरी न येता रेल्वेपलीकडे चैत्यभूमीपर्यंत चालत जा. बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण ६ डिसेंबर १९५६ रोजी दिल्लीस अलीपूर रोडवरील निवासस्थानी झाले. विमानाने त्यांचा देह मुंबईस आणला आणि अंत्यदर्शनासाठी राजगृहातच ठेवला. ७ डिसेंबरला अंत्ययात्रा निघाली ती येथूनच, आणि दादरच्या समुद्रकाठी, चितेच्या साक्षीने, भदन्त आनंद कौसल्यायन यांच्याकडून लाखावर लोकांनी धम्मदीक्षा घेतली. तुमच्या नात्यात, गावात किंवा विहारात त्या दिवशी तेथे हजर असलेले कोणी वृद्ध आजही असतील, तर परत आल्यावर मुलाला त्यांच्याकडे न्या. त्यांचे सांगणे त्याला वहीत लिहून घेऊ द्या. शब्द चुकले तरी चालतील, आपण मध्ये बोलू नये.