तिथी आणि भरती

समुद्राला भरती चंद्राच्या ओढीमुळे येते, असे शाळेत शिकवले जाते. ते अपुरे आहे. भरती येते ती ओढीतल्या फरकामुळे. चंद्राकडच्या बाजूचे पाणी पृथ्वीच्या मध्यापेक्षा चंद्राला जवळ असते, म्हणून जास्त ओढले जाते. पलीकडचे पाणी दूर असते, म्हणून कमी ओढले जाऊन मागे राहते. पाणी असे दोन्ही बाजूंना फुगते. पृथ्वी फिरताना किनाऱ्याला दिवसातून दोनदा फुगवटा भेटतो. दरम्यान चंद्रही पुढे सरकलेला असतो, त्यामुळे दोन भरत्यांत सुमारे १२ तास २५ मिनिटांचे अंतर पडते.

सूर्याची पृथ्वीवरची ओढ चंद्राच्या सुमारे पावणेदोनशे पट आहे. तरी भरतीतला त्याचा वाटा चंद्राच्या निम्म्याहून थोडा कमीच, कारण इतक्या लांबून पृथ्वीच्या या टोकाला आणि त्या टोकाला पडणारी ओढ जवळजवळ सारखीच असते.

दिल्लीतल्या मुनिरक्यापासून समुद्र शेकडो किलोमीटर दूर आहे. पण तिथेही चंद्राची ओढ थांबत नाही. शेजारच्या हौज खासच्या तलावाला भरती दिसत नाही ती वेगळ्या कारणाने: तलावाच्या दोन काठांवरच्या ओढीत फरक पडावा इतका तो मोठाच नाही. मुनिरक्याची जमीन मात्र खरोखर वर-खाली होते. पृथ्वीचे घन कवचही दिवसातून दोनदा सुमारे फूटभर उचलले जाते. घरे, रस्ते, झाडे सगळी एकत्रच उचलली जातात, म्हणून कुणाला काही जाणवत नाही.

मुनिरक्यातल्या एखाद्या मराठी घरात भिंतीवर तिथींचे कॅलेंडर असेल, तर मुंबईची भरती तिथूनही सांगता येते. कोकण किनाऱ्यावर जुना हिशेब आहे: तिथीला पाऊणने गुणावे, येईल ती पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. पहाटे किंवा सकाळी एकदा, दुपारी किंवा संध्याकाळी एकदा. हा हिशेब जमतो, कारण तिथी म्हणजे चंद्र आणि सूर्य यांच्यातले अंतर मोजण्याचे माप. चंद्र सूर्यापासून १२ अंश पुढे गेला की एक तिथी संपते. १५ तिथींत भरतीची वेळ १२ तास पुढे सरकते, म्हणजे तिथीमागे ४८ मिनिटे, बरोबर दोन घटिका. पाऊण तास धरला की तिथीमागे तीन मिनिटे कमी पडतात. होडी काढणाऱ्याला किंवा ओहोटीच्या वेळी अलिबागच्या कुलाबा किल्ल्यात चालत जाऊन परतणाऱ्याला एवढी अचूकता पुरते. इतके सोपे गणित किनाऱ्यावरच्या माणसांनी रोजच्या वापरात ठेवले, ही फार मोठी गोष्ट आहे.

भरती किती मोठी येणार, हेही तिथीच सांगते. अमावास्येला आणि पौर्णिमेला चंद्र-सूर्य एका रेषेत येतात, दोघांचा जोर एकत्र होतो आणि उधाण येते. अष्टमीच्या सुमारास ते काटकोनात असतात, तेव्हा भांगाची लहान भरती. पाण्याला हलायला वेळ लागतो, त्यामुळे सर्वांत मोठे उधाण बहुधा अमावास्या-पौर्णिमेनंतर एक-दोन दिवसांनी दिसते.

तिथीला किनाऱ्याचा आकार मात्र कळत नाही. गोव्यात उधाणाला पाणी सुमारे दोन मीटर चढते-उतरते, मुंबईत चार मीटरहून अधिक, आणि खंबातच्या आखातात भावनगरपाशी दहा मीटरपर्यंत. उथळ समुद्रबूड जमीन उत्तरेकडे रुंद होत जाते आणि आखात निमुळते होते. आत शिरलेल्या पाण्याला पसरायला जागा राहत नाही. म्हणून प्रत्येक बंदराची मोजणी वेगळी करावी लागते. मुंबईत अपोलो बंदरावर १८७८पासूनच्या नोंदी आहेत. भारतीय बंदरांच्या भरतीचे भाकीत करण्यासाठी १८७९मध्ये लंडनमध्ये खास यंत्र तयार झाले होते; आज भरतीची कोष्टके सर्व्हे ऑफ इंडिया प्रसिद्ध करते.

ही कोष्टके केवळ मच्छीमारांपुरती नाहीत. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, आणि त्याच दुपारी समुद्राला सुमारे साडेचार मीटरची भरती होती. मुंबईच्या अनेक पर्जन्यवाहिन्यांची तोंडे भरतीच्या पातळीखाली असल्याने पाणी समुद्रात जाईना. म्हणूनच आता पावसाळ्यात साडेचार मीटरहून मोठ्या भरतीचे दिवस महापालिका आधीच जाहीर करते, आणि पाणी समुद्रात ढकलायला पंपिंग स्टेशन उभी राहिली आहेत.